काळी नदीवरची तिसरी तक्रार

इंदापूर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
झुंबरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं असं तुझ्या सूनबाईनं, सोनलनं कळवलं. बोटं वळतात का? सोनलला म्हणावं, अजून महिनाभर आत्याबाईंना कळशी उचलू देऊ नको. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण सांगितलं म्हणजे माझं काम झालं.

इकडं सगळं ठीक. पाऊस उघडला तशा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्तीला यायला लागल्यात. बारामतीच्या वर्कशॉपात बाविसावा माणूस घेतला. परवा सणसरचा एक बागाईतदार मोटार घेऊन आला, म्हणाला वाइंडिंग जळलंय. मी चालू करायला लावली, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला. म्हटलं, "वाइंडिंगला काय झालं न्हाय पाव्हणं, खालची बेअरिंग कोरडी पडलीय." उघडली तर तेच. तो म्हणाला, "झुंबरराव, तुमचा कान हाय का एक्स-रे?" मी हसलो. एरवी अशा बोलण्यानं मी दोन दिवस फुगून फिरतो. यावेळी फुगता आलं नाही. का, ते सांगतो.

तू म्हणशील, दिवसातनं दोनदा फोन करणाऱ्या ह्या माणसाला कागद कुठनं सुचला. तेही सांगतो. चौथीपर्यंत शिकलीस ते आज कामाला आण. हे पत्र तूच वाच, कुणाला वाचायला देऊ नको. सावकाश वाच. आधी तुझ्या भाचीची बातमी.

शनिवारी मी राजनंदिनीला भेटलो.

झालं असं की हुबळीला एका पंपवाल्याकडं काम निघालं. तिथनं दांडेली जवळच, तीही त्याच बाजूला काळी नदीच्या जंगलात. म्हटलं दोन वर्षं पोरीचं तोंड बघितलं नाही, जाता जाता बघून यावं. ती ज्या मुक्कामाच्या जागी काम करते तिथं एक दिवसाची सहल असते. सकाळी होडीतनं नदीवरची जनावरं-पाखरं दाखवायची, दुपारी जंगलातनं चालत धबधब्यावर न्यायचं, पोहायचं, संध्याकाळी परत. नेणारी गाईड राजनंदिनी. मी नाव नोंदवलं. माझं नाही, आपल्या फोरमनचं, रणजितचं. माझं नाव दिसलं असतं तर ती दुसऱ्या होडीवर गेली असती.

सकाळी साडेसहाला धक्क्यावर उभा राहिलो. धुकं असं की नदी कुठाय ते फक्त ऐकूनच कळावं. ती आली. केस आखूड केलेत आक्का, पायात रबरी बूट, गळ्यात शिट्टी. हातात यादी. माझ्यासमोर आली, वर बघितलं. पापणीसुद्धा हलली नाही.

"नाव?"

मी यादीकडं बघितलं. शेवटी म्हटलं, "रणजित."

"रणजित, एक," म्हणून तिनं खूण केली आणि तरंगायचं जाकीट माझ्या गळ्यात घातलं. पट्टा असा आवळला की वाटलं, सगळ्या दोन वर्षांचा हिशेब ह्या पट्ट्यातच करते की काय. "काका, पुढं बसू नका. वजन मागं पायजे."

काका! दिवसभर मी काका. "काका, पाय आत घ्या." "काका, हात पाण्यात घालू नका, मगरीला नाश्ता झालेला नाय." लोक हसले. मीही हसलो, काय करता!

आम्ही सात जण होतो. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, कॉलेजच्या दोन मुली, एक जाडजूड कॅमेरेवाले साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब, सातवा मी. होडी चालवायला परवेज नावाचा माणूस, कारवारकडचा, चाळिशीचा. तुझ्या भाचीनं बोट वर केलं की तो इंजिन बंद करायचा. एकदाही "का" विचारलं नाही त्यानं. माझ्या वर्कशॉपातली बावीस माणसं बोट वर केल्यावर आधी बोटाकडं बघतात, मग एकमेकांकडं.

ती म्हणाली, "पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं न्हाय. मोबाइल बंद." आणि कान दिला. आक्का, मान डावीकडं किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले. तू ज्याला हसतेस ना, "बघा, झुंबऱ्याची कोंबडी झाली," तसं. मी मोटारीपाशी बसतो तसं. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

मला काही ऐकू येईना. पाणी, पानं, बस्स. ती हळूच म्हणाली, "वर बघा. दोन येतायत." मी वर बघितलं तर धुकं. आणि मग आलं, लोहाराचा भाता चालावा तसा आवाज, फस्स, फस्स. धुक्यातनं दोन धनेश निघाले, चोचीवर पिवळं शिंग घेतलेले, खाटेएवढे पंख. डोक्यावरनं गेले. मास्तरांच्या बायकोनं हात जोडले. तुझ्या भाचीनं ते माझ्या कितीतरी आधी ऐकले होते.

पुढं पाणमांजरं. काठाच्या दगडांतनं बारीक शिट्ट्या यायला लागल्या. तिनं बोट वर केलं, परवेजनं इंजिन बंद केलं, होडी नुसती वाहत गेली आणि पाच पाणमांजरं आमच्या पुढ्यात मासा फोडत बसलेली. एका पिल्लानं मासा आईच्या तोंडातनं ओढला आणि पळालं. कॉलेजच्या पोरी खुदखुदल्या. मग एका खडकावर मगर, आ वासून. साहेब म्हणाले, "प्लास्टिकची ठेवलीय वाटतं, पर्यटकांसाठी." तुझी भाची म्हणाली, "अंग तापलं की तोंड उघडून गार करतात, साहेब. माणसं उलटं करतात, तोंड उघडून तापतात." मगर सळकन पाण्यात गेली आणि साहेबांनी दोन्ही पाय बाकावर घेतले.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. चहा घेतला. परत बसलो.

आक्का, हुबळीला काही काम नव्हतं.

मी त्या होडीत बसलो होतो ते खोट काढायला. जाकिटं मोजली, सात माणसांना सात, वर दोन जादा. दोर बघितला, नवा. औषधाची पेटी उघडून बघितली, "काका, काही लागलं का?" म्हणून तिनं विचारलं. इंजिनाचा आवाज ऐकला, माझ्या गिऱ्हाइकांच्या मोटारी असा साफ आवाज काढतील तर मला दुकान बंद करावं लागेल. कुठंतरी काहीतरी सापडेल, म्हणून दुपारपर्यंत कान लावून होतो. कारण तिच्यावर दोन तक्रारी आधीच झाल्या होत्या, आणि तिथल्या मॅनेजर अनिताताईंनी तिला लेखी दिलं होतं की तिसरी आली तर काम बंद. हे तुला ठाऊक आहे. तिनंच तुला सांगितलं होतं.

मला ठाऊक कसं, ते तू विचारलं होतंस. त्याच्याकडं येतोय. जरा दम धर.

दुपारी धबधबा. तासभर चढण, झाडी अशी दाट की भर दुपारी कंदील लावावा. जळवा! माझ्या पोटरीला तीन. तिनं मिठाची पुरचुंडी काढली, माझ्या पायापाशी बसली, एकेक जळू सोडवली. फक्त म्हणाली, "शुगरची गोळी घेतली का काका?" रणजितला शुगर नाही आक्का. मला आहे.

मी म्हटलं, "घेतली."

धबधबा सात-आठ माणसं उंच असेल, खाली काळाभोर डोह. आधी ती स्वतः उतरली, तळ चाचपला, आडवा पिवळा दोर बांधला. मग सगळ्यांना उभं करून सांगितलं, "दोराच्या पलीकडं जायचं न्हाय. आणि तीन शिट्ट्या वाजल्या की बाहेर. त्या वेळी कारण विचारायचं न्हाय, ते मी नंतर सांगीन."

मी पाण्यात शिरलो. निरवांगीला नीरेत तू माझ्या पाठीला तेलाचा डबा बांधून ढकललं होतंस, त्यानंतर पोहायला मी कधी विसरलो नाही, पण पंचवीस-तीस वर्षं पाण्याचा धंदा करून पाण्यात उतरलो नव्हतो. काय सांगू! गार पाणी, डोक्यावर धारा. उताणा पडलो, वर झाडांत आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. निळा. एक ढग नाही. दोन हात मारले, चार मारले, दोरापर्यंत गेलो, परत आलो. मास्तर काठावरनं ओरडले, "वा, रणजितराव!" मी इतका खूश होतो की कोण रणजित हे कळायला वेळ लागला.

दहा मिनिटं झाली नसतील. तीन शिट्ट्या.

ती खडकावर उभी, मान कलती. "बाहेर! सगळे बाहेर, वरच्या वाटेवर!"

मास्तर निघाले, बायको निघाली, पोरी निघाल्या, बाईसाहेब निघाल्या. साहेब डोहाच्या मधोमध. म्हणाले, "अहो मॅडम, आता तर आलो! पैसे पोहायचे घेतलेत ना?"

"साहेब, बाहेर."

"कारण?"

"वर सांगीन. बाहेर या."

"आभाळ बघा जरा! निळंशार आहे. ह्या बाईला काही कळत नाही. परत गेल्यावर लेखी तक्रार करतो." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, तुम्ही साक्षीदार. सही कराल ना?"

आक्का, मी छातीएवढ्या पाण्यात उभा होतो. जी गोष्ट शोधत मी चारशे किलोमीटर आलो, ती एक परका माणूस माझ्या हातावर ठेवत होता. मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. फक्त सही. संध्याकाळी तिचं काम गेलं असतं, पुढच्या आठवड्यात ती बारामतीच्या काउंटरवर असती, आणि सणसरचं कारखान्यातलं स्थळ अजून थांबलेलं आहे. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आलं नाही असं लिहीत नाही.

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती अजून ऐकत होती. तेव्हा मी पण ऐकलं. कान पाण्याला टेकवला, धबधब्याचा आवाज बाजूला काढला, जसा मोटारीचा पंखा बाजूला काढून आतलं ऐकतो. आणि त्याच्या खाली, खूप खाली, लागलं. खर्र, खर्र. कोरड्या बेअरिंगसारखं. वर कुठंतरी ओढ्यात धोंडे गडगडत येत होते.

माझ्या तोंडून आपली भाषा सुटली. "आरं निघ भायेर! पोरगी काय सांगतीय ऐकू येत न्हाय व्हय तुला?" साहेबांचा दंड धरला आणि ओढत काठाला आणलं. ते शिव्या देत होते. तिनं दुसरा हात धरला, आणि आम्ही बापलेकीनं ते धूड त्या वाटेवर चढवलं. ती सगळ्यांत शेवटी चढली. मोजलं. सात. परत मोजलं.

मग आलं पाणी. चहाच्या रंगाचं, अंगाएवढे ओंडके घेऊन. पिवळा दोर दोऱ्यासारखा तुटला. साहेबांची चप्पल आणि टॉवेल ज्या खडकावर होता तो खडक दिसेना. वर आभाळ तसंच निळं. मागच्या डोंगरावर कुठंतरी ढग फुटला असेल, आमच्यावर थेंब नाही.

साहेबांच्या बाईसाहेब, दिवसभर एक शब्द न बोललेल्या, नवऱ्याकडं वळल्या. "हं. लिहा आता तक्रार. पेन देऊ?"

मास्तर पहिले हसले. मग पोरी. मग आम्ही सगळे असे हसलो की खाली बसावं लागलं. साहेबसुद्धा, अनवाणी. त्यांनी तुझ्या भाचीपुढं हात जोडले. ती म्हणाली, "कारण नंतर सांगते म्हटलं होतं. हे कारण."

आणि आक्का, मी हिशेब केला. शिट्टी वाजल्यापासून मला ऐकू येईपर्यंत दोन मिनिटं तरी गेली. इंदापूर-बारामतीत ज्याच्या कानाचं नाव घेतात त्याच्या दोन मिनिटं आधी तिनं ऐकलं. ती दोन मिनिटं नसती तर मास्तरीणबाई त्या वाटेवर चढल्या नसत्या. मी फुगलो. कधी नव्हे एवढा फुगलो, पण माझ्या कानावर नाही.

परत आल्यावर मी थेट अनिताताईंच्या टेबलापुढं उभा राहिलो. म्हटलं, "माझं नाव रणजित नाही. मी राजनंदिनीचा बाप. मे महिन्यात एका पर्यटकाचा फोन आला होता, गाईडनं रस्ता चुकवला म्हणून, तो मी. जुलैत आला, मुलगी पाण्यात बेफिकीर आहे म्हणून, तोही मी. तोवर मी तुमच्या नदीवर पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं."

अनिताताई बेळगावच्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला लाज नाही वाटत?" म्हटलं, "वाटते. म्हणून उभ्यानं सांगतोय." त्यांनी माझ्याकडून ते सगळं लिहून घेतलं, सही घेतली, दोन्ही तक्रारी रद्द केल्या. आत जाऊन मालकांना फोन केला. बाहेर येऊन म्हणाल्या, नदीच्या सगळ्या सहली ह्या हंगामापासून राजनंदिनीच्या हाताखाली. नवे चार गाईड तीच तयार करणार.

ती धक्क्यावर जाकिटं धूत होती. मी सांगायला गेलो. तिनं मान वर केली नाही.

"आप्पा, मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. ताईंनी स्पीकर लावला होता. आवाज तुमी बदलला होता, पण मागं टेस्टिंगच्या हौदात पाच एचपीची मोटार चालू होती. आपली. तिचं झाकण वाजतं."

"मग ताईंना सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? माझ्या बापानं केलंय, म्हणून मला ठेवा?" जाकीट पिळलं. "आत्याला सांगितलं होतं. आत्यानं मलाच झाडलं. बापावर आळ घेतीस म्हणाली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय म्हणाली. तवापासनं आमचं बोलणं बंद हाय."

मी एक जाकीट उचलून पिळायला घेतलं.

"मला सांगून काय उपेग, आप्पा? मला ठाऊकच होतं. आत्याला सांगा. आणि फोनवर न्हाय. फोनवर तुमी बोलता बोलता दुसरीकडंच नेता. लिहून द्या."

म्हणून कागद.

आता लिहितो, आक्का. राखीच्या दिवशी तू राखी बांधलीस, आणि त्याच पाटावर विचारलंस, "झुंबऱ्या, पोरीच्या कामात तू काडी घातलीस का?" मी म्हटलं, न्हाय. तू म्हणालीस, माझ्या डोक्यावर हात ठेव. मी ठेवला. तुझी राखी असलेला हात. आणि खोटं बोललो. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या मला पदराला बांधून तू सासरी वरकुट्याला नेलंस, लोक नावं ठेवत होते, भाऊ आंदण आणला म्हणून. त्या डोक्यावर.

चौथ्या आठवड्याला तू गोठ्याच्या पायरीवरनं पडलीस. डॉक्टर म्हणाले, पायरी शेवाळलेली होती. असेल. मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही. तू समजलीस, भावाला दुःख बघवत नाही. तुझी मायाही मला अशी फुकट मिळाली.

माझ्यावर विश्वास ठेवून तू तिला तोडलंस. ती खरं बोलली आणि एकटी पडली, मी खोटं बोललो आणि दिवाळीचा फराळ खायचं आमंत्रण मला. हे उलटं झालं होतं, ते मी आज सुलटं केलं. तिला फोन आधी कर. तिला लागलं नसेल असं समजू नको.

ती भाऊबीजेला येतेय. अनिताताईंनी चार दिवस सुट्टी दिलीय. बेळगावहून मी तिला गाडीनं आणणार. तिचं म्हणणं, आधी वरकुट्याला, मग इंदापूर. सणसरच्या पाव्हण्यांना मी कालच कळवून टाकलं, पोरगी कामात आहे, वाट बघू नका.

तुझ्या घराबाहेर डांबरी रस्त्यावर मी गाडी उभी करीन. ती आत येईल. भाचीला ओवाळायची रीत नसली तरी तिला ओवाळ, लोकांचं मी बघून घेईन. मी गाडीतच बसेन. "शपथ सुटली" असं म्हणून तू बोलावलंस तर येईन आणि पाटावर बसेन. नाही बोलावलंस तर दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येईन, आणि पुढच्या वर्षी परत तिथंच गाडी उभी करीन.

सोनलला आशीर्वाद. मनगट जपून.

तुझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेला, आणि हा कागद कुणी न सांगता लिहिला असता तर बरं झालं असतं असं वाटणारा,
तुझा धाकटा
झुंबर